टाकीबाहेरच्या चपला

अंबडच्या त्या कारखान्यात माणूस टाकीत उतरायचा तो अनवाणी. टाकी बाहेरून पोलादाची आणि आतून काचेची असे. पोलादावर भाजून बसवलेला निळा काचेचा थर जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचा. चपलेतला एक खिळा त्यावर घासला तरी ओरखडा पडायचा, आणि पुढे कधीतरी त्याच ओरखड्यातून ॲसिड शिरून टाकी खायचं. म्हणून चपला बाहेर, शिडीच्या पायथ्याशी. त्यातूनच दुसरा नियम आपोआप तयार झाला. शिडीशी चपला दिसल्या की आत माणूस आहे. झाकण लावायचं नाही, टाकी हलवायची नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. तो लिहायची वेळ १९९६ मध्ये आली.

धोंडाबाईने त्या कारखान्यात १९९२ पासून सतरा वर्षं झाडू मारला. ती पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. भाताची कापणी झाली की पाड्यावरची माणसं द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे उतरत, तशी तीही उतरायची. एका हंगामात नवरा तापाने गेला. सात वर्षांच्या ललिताला घेऊन ती परत वर गेली नाही. त्याच पाड्यावरचा बहिरू अंबडला टाक्यांच्या कारखान्यात लागला होता. त्याने साहेबांना सांगितलं, बाई कामाची आहे, आणि तिला झाडूचं काम मिळालं.

कारखान्याचं नाव आभा ग्लासलाइन्ड. मालक देवव्रत दीक्षित. घराणं पंचवटीतलं, यात्रेकरूंची श्राद्धकर्मं चालवणारं. देवव्रत इंजिनिअर झाले, गुजरातेत एनॅमलच्या कारखान्यात बारा वर्षं राहिले आणि १९८९ मध्ये परत येऊन त्यांनी मुलीच्या नावाने शेड उभी केली. पहिल्या वर्षी अकरा टाक्या झाल्या, त्यातल्या चार बाद. तिसऱ्या वर्षापासून औषधांचे, रंगांचे, कीटकनाशकांचे कारखाने त्यांच्या टाक्या मागू लागले.

काम असं चाले. वाळूच्या माऱ्याने पोलाद घासून पांढरं करायचं. काचेच्या भुकटीचा दुधासारखा घोळ त्यावर फवारायचा, वाळवायचा आणि टाकी नऊशे अंशांच्या भट्टीत घालायची. बाहेर येताना ती केशरी असते, मग लाल, मग काळपट. असे सहा-सात थर. थंड होताना टाकी टिकटिकते. थंड झाल्यावरही तिचा भरवसा नसतो. भाजताना पोलादात शिरलेला वायू आठवड्याने, कधी महिन्यानेसुद्धा, बाहेर पडायला वाट शोधतो आणि काचेचा नखाएवढा कपचा उडवतो. कारागीर त्याला खवला म्हणत. म्हणून तयार टाकी दहा दिवस नुसती उभी ठेवायची, आणि पाठवण्याआधी कोणीतरी आत जाऊन शेवटचं बघायचं.

हे बघणारा बहिरू. टाकीचं तोंड सोळा इंच. त्यातून खांदे तिरके करून आत जाईल असा तो एकटाच होता. आत तो हजारो व्होल्टचा तारांचा ब्रश भिंतीवरून फिरवायचा. काचेत सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी तिथे ठिणगी उडे. बहिरू तिथे पिवळ्या मेणखडूने वर्तुळ काढायचा. अंगावर धातू चालत नसे. ताईत, अंगठी, खिशातलं नाणं, सगळं बाहेर. त्याचा कामाचा सदरा नाड्यांचा होता.

फिटर गंगाधर सिन्नरकडचा, अंगाने भरलेला. तो बहिरूला म्हणायचा, "निघ रे सापा बिळातून, जेवायची सुट्टी झाली."

"तू शीर बघू एकदा," बहिरू आतून म्हणायचा. "पोट बाहेर राहील, पाय हालतील. आम्ही हार घालू आन नारळ फोडू."

आतून आलेला आवाज मोठा आणि फुटलेला यायचा. धोंडाबाईला तो आवडायचा नाही. ती म्हणायची, "बाहेर येऊन बोल. आतून भुतावाणी वाटतोस."

१९९६ च्या ऑक्टोबरात खंडेनवमीला कारखान्यात दुपारपर्यंतच काम होतं. मग साफसफाई, यंत्रांची पूजा, पेढे, सुट्टी. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचीही सुट्टी. दर वर्षी एखादी तयार टाकी पूजेला मध्ये घेत. त्या वर्षी एकशे सतरा नंबरची होती, तीन हजार लिटरची. दहा दिवस उभी राहून झाली होती. बहिरूने सकाळी ती तपासून सही केली होती. पण सहीनंतर त्याला आत काहीतरी उडाल्यासारखा बारीक आवाज आला, असं त्याने चहाच्या वेळी गंगाधरला सांगितलं. गंगाधर म्हणाला, "सणाच्या दिवशी नको शोधू काही." बहिरू हसला. साडेअकराच्या सुमारास तो रबरी विजेरी आणि मेणखडू घेऊन पुन्हा आत गेला. जाताना कोणी पाहिलं नाही. चपला मात्र शिडीशी होत्या. टायरच्या तळव्यांच्या, डाव्या पायाचा पट्टा निळ्या नायलॉनच्या दोरीने बांधलेला.

पूजेच्या जागेत चपला नकोत, हे कोणाला सांगावं लागत नाही. तरी देवव्रत सोवळं नेसून आले, टाकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "धोंडाबाई, त्या एकशे सतराजवळच्या चपला उचला. फाटकाशी सगळ्यांच्या ओळीत लावा."

धोंडाबाईने चपला उचलल्या. ओळखल्याही. सणाचा दिवस, काम थांबलेलं, सगळेच अनवाणी फिरत होते. बहिरूही कुठेतरी फिरत असेल, असं तिच्या मनात आलं, तेही नीट आलं नाही. तिने त्या फाटकाजवळच्या ओळीत ठेवल्या, बोटं बाहेरच्या बाजूला करून.

पूजेला टाकीचं तोंड उघडं बरं दिसत नाही. अंगारा, फुलं आत पडतात. गंगाधरने शिडीशी पाहिलं, चपला नव्हत्या. क्रेनने झाकण खाली आणलं, त्याने बोल्ट आवळले. शेजारच्या शेडमध्ये धूळ उडवायला कॉम्प्रेसर चालू होता आणि लाउडस्पीकरवर देवीची गाणी लागली होती. गंगाधर पुढे शपथेवर म्हणाला, काही ऐकू आलं नाही. झाकणाला झेंडूचा हार घातला. अठ्ठावीस माणसांनी टाकीसमोर उभं राहून आरती म्हटली.

चारच्या सुमारास सगळे गेले होते. धोंडाबाई झेंडूच्या पाकळ्या गोळा करत होती. तेव्हा तिला लांबून कोणीतरी भाकरी थापत असल्यासारखा आवाज आला. थप, थप. मध्ये थांबून पुन्हा थप. फाटकाशी वॉचमनची खोली होती. त्याची बायको भागीबाई थापत असेल, असं धोंडाबाईला वाटलं. नागलीचीच असणार, ज्वारीचा आवाज वेगळा येतो, असाही विचार तिने केला. शेडला कुलूप लावून ती घरी गेली.

बहिरूची बायको कमळाबाई सणाला पाड्यावर पुढे गेली होती. तो संध्याकाळच्या एसटीने येणार होता. आला नाही तेव्हा तिला वाटलं, गाडी चुकली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी एकच जोडी उरलेली धोंडाबाईने पाहिली. ती तिथेच उभी राहिली. भागीबाई पाणी भरत होती. धोंडाबाईने तिला विचारलं, "परवा दुपारी भाकरी केल्या होत्या का गं?"

"परवा? परवा आम्ही बाराच्या ठोक्याला कालिकेच्या यात्रेला गेलो, ते रात्री आलो. खोलीला कुलूप होतं."

धोंडाबाई धावत शेडमध्ये गेली आणि गंगाधरला म्हणाली, झाकण काढ. का, ते सांगितलं नाही. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाना उचलला.

बहिरू झाकणाच्या खालीच बसलेला होता, पाठ भिंतीला, दोन्ही तळहात मांडीवर उघडे. तळहात सुजलेले होते. विजेरी रबराची, तीही फुटलेली. काचेवर वाजेल असं त्याच्या अंगावर काही नव्हतं. गंगाधर त्याला बाहेर काढायला आत वाकला, तेव्हा समोरच्या भिंतीवर त्याला पिवळं वर्तुळ दिसलं. वर्तुळात नखाएवढा खवला उडालेला होता. बहिरूला बरोबर ऐकू आलं होतं.

कंपनीचा चौकशी अहवाल चार पानांचा आहे. त्यात म्हटलं आहे की संबंधित कामगाराने चपला फाटकाशी काढल्या, प्रथेप्रमाणे शिडीशी ठेवल्या नाहीत, आणि काम संपल्यावर विनापरवाना टाकीत प्रवेश केला. झाकण बसवताना त्याने आवाज दिला नाही, सबब तो झोपेत असावा. सणाचा दिवस असल्याने मद्यप्राशनाची शक्यता नाकारता येत नाही. वर्तुळाचा उल्लेख नाही. डॉक्टरांच्या कागदात दारूचं नाव नव्हतं, पण तो कागद यायला तीन महिने लागले. तोवर सगळ्यांचं ठरून गेलं होतं.

चौकशीत धोंडाबाईला एकच प्रश्न विचारला. झाकण लावताना तुम्ही तिथे होता का? ती नाही म्हणाली. ते खरं होतं. ती तेव्हा फाटकाशी चपला ओळीत लावत होती.

आठ दिवसांनी शेडच्या भिंतीवर लाल रंगात दोन ओळी लिहिल्या गेल्या. धोंडाबाईला वाचता येत नव्हतं. गंगाधरने वाचून दाखवल्या. "ज्याच्या चपला त्यानेच उचलाव्यात. दुसऱ्याने हात लावू नये." वाचून झाल्यावर तो तिच्याकडे न बघता निघून गेला.

बहिरूने चपला स्वतःच फाटकाशी काढल्या, तर दुसऱ्याने हात लावू नये हा नियम कशासाठी, हे अहवालात नाही. धोंडाबाईला कळायला अहवालाची गरज नव्हती. साहेबांना माहीत आहे, एवढं तिला कळलं. बोलावतील, असं तिला वाटलं. महिनाभर ती बोलावण्याची वाट पाहत होती.

बोलावणं आलं नाही. देवव्रत रोज नऊला यायचे, ती फाटकाशी झाडत असायची. ते मान हलवायचे, ती पदर सारखा करायची. बहिरू पिऊन टाकीत झोपला, असं कागदावर राहिलं. चपला शिडीशी होत्या हे सांगू शकतील अशी दोन माणसं कारखान्यात होती, आणि ती दोघं पुढची सात वर्षं रोज समोरासमोर आली.

बहिरूच्या चपला पंचनाम्यानंतर फाटकाशी तशाच पडल्या होत्या. धोंडाबाईने त्या केरसुण्यांच्या खोलीत फिनेलच्या डब्यामागे ठेवल्या. टाकता आल्या नाहीत. कमळाबाईला द्यायला गेलं असतं तर, कुठे मिळाल्या, हे सांगावं लागलं असतं.

घरी तिने भाकरी थापणं बंद केलं. अकरा वर्षांची ललिता थापायला शिकली. ती थापायला बसली की धोंडाबाई हंडा घेऊन नळावर जायची, पाणी आलेलं नसलं तरी. शेजारणी म्हणायच्या, बाई कामसू आहे. ललिताचं लग्न झाल्यावर धोंडाबाई नुसत्या भातावर राहिली.

एकशे सतरा नंबरच्या टाकीला हात लावायला कोणी तयार होईना. देवव्रतांनी आतला थर काढून नव्याने भाजून घेतला, नावाची पट्टी बदलून तिच्यावर एकशे एकवीस घातलं आणि टाकी गुजरातच्या हद्दीवरच्या एका रंगाच्या कारखान्याला विकली. १९९८ मध्ये गंगाधर काम सोडून सिन्नरला गेला. शेवटची दोन वर्षं तो झाकण लावण्याआधी आत डोकं घालून बहिरूच्या नावाने हाक मारायचा. नवी पोरं हसायची. नंतर हसायची नाहीत.

पुढची वर्षं कंपनीला जड गेली. परदेशी टाक्या आल्या. विंचूरला वाइनचे कारखाने सुरू झाले तेव्हा देवव्रतांना आशा वाटली होती, पण त्यांना स्टेनलेस स्टील हवं होतं. २००३ मध्ये देवव्रतांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि वर्षभरात मुलगी आभा काम पाहू लागली. तिने हिशेबाने एक गोष्ट ओळखली. कंपनीने विकलेल्या जुन्या टाक्यांची काच आता झिजत आली होती. त्या परत आणून, घासून, पुन्हा भाजून द्यायच्या. नव्या टाक्यांपेक्षा हे काम जास्त मिळू लागलं.

त्यामुळे २००७ च्या सप्टेंबरात एकशे एकवीस नंबरची टाकी परत आली.

क्रेनवर तेव्हा राजू होता, सव्वीस वर्षांचा, अंगाने सडपातळ, पाथर्डी फाट्यावर राहणारा. वाळूचा मारा झाल्यावर टाकीच्या तोंडाच्या कडेवरचा रंग गेला आणि पोलादात ठोकलेले आकडे दिसू लागले. पट्टी बदलता येते, ठोकलेला आकडा बदलत नाही.

"मावशी, गंमत बघा," राजू म्हणाला. "पट्टीवर एकशे एकवीस आणि इथे एकशे सतरा. कोणाचा सावळागोंधळ?"

धोंडाबाईने झाडू भिंतीला टेकवला. आकडे तिला वाचता येत नव्हते, पण कानाने सगळे पाठ होते. ती टाकीला वळसा घालून आली. मग केरसुण्यांच्या खोलीत जाऊन बसली. त्या दिवशी अर्धी शेड झाडायची राहिली.

पुढच्या शनिवारी कारखान्याची सुट्टी होती. ती विंचूरला गेली. कमळाबाई तिथे कांद्याच्या चाळीवर निवडायच्या कामाला होती. अकरा वर्षांत दोघी भेटल्या नव्हत्या.

"कोण? धोंडा?" कमळाबाईचे हात थांबले नाहीत. "मेलीस असं ऐकलं होतं."

"नाय मेले."

"मग बस. ती पाटी पालथी घाल आन बस."

धोंडाबाईने चपलांचं सांगितलं. कुठे होत्या, कोणी उचलायला सांगितल्या, कुठे ठेवल्या. आवाजाचं सांगितलं नाही. तोंडाशी आलं होतं, पण सांगितलं नाही.

कमळाबाई चांगले कांदे डावीकडे आणि कोंब आलेले उजवीकडे टाकत राहिली.

"अकरा वर्षं झाली," ती म्हणाली.

"हां."

"माझ्या पोराला गेल्या साली सोयरीक आली होती. पोरीचा बाप काय म्हणला ठाव हाय? टाकीत पिऊन निजला त्याचाच ना हा? आन उठून गेला. चहासुद्धा नाय घेतला."

धोंडाबाईने कोंब आलेला एक कांदा उचलून उजवीकडे टाकला.

"सणाला प्यायचा तो. मी खोटं नाय बोलणार. पण कामावर नाय. टाकीत जायचा दिस असला तर तमाखूपन नाय."

"मला ठाव हाय."

"तुला ठाव हाय, मला ठाव हाय. कांद्याच्या चाळीत दोन बायांना ठाव हाय. त्याचा काय उपेग? जिथं लिवलंय तिथं जाऊन बोल." तिने एक सडका कांदा लांब फेकला. "माझ्यापाशी माफी मागायला आली असशील तर ती नाय माझ्यापाशी. कांदे हाईत. जाताना चार घेऊन जा."

धोंडाबाईने कांदे घेतले.

टाकी दसऱ्याच्या आत तयार झाली. त्या वर्षी खंडेनवमीची पूजा क्रेनची झाली. आभाने तशी पद्धत पाडली होती, का ते तिलाही नीट माहीत नव्हतं. वडिलांनी टाकी पूजेत घ्यायची नाही म्हणून सांगितलं होतं, एवढंच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला. राजूने क्रेन पुढे आणली आणि थांबवली. एकशे सतराच्या शिडीशी चपला होत्या. टायरच्या, वाळून वाकलेल्या, एकीचा पट्टा निळ्या दोरीने बांधलेला.

त्याने आत डोकं घालून हाक मारली. कोणी नव्हतं.

"मावशी, चपला कुणाच्या?"

"बहिरूच्या."

"कोण बहिरू?"

"ज्याच्या त्यानं उचलायच्या. वाच भिंतीवर."

"आत कोणी नाही मावशी. गाडीवाला शिव्या घालतोय."

"घालू दे."

राजूने बहिरूला पाहिलं नव्हतं. पण कामाला लागल्या दिवशी त्याला सगळ्यात आधी शिकवलं होतं ते हेच. चपला आहेत तोवर हात लावायचा नाही. त्याने क्रेनची चावी काढून खिशात घातली.

आभा ऑफिसातून आली. "धोंडाबाई, हे काय चाललंय? उचला त्या."

"नाय उचलणार ताई. एकदा उचलल्या होत्या."

आभाने वडिलांना फोन लावला. देवव्रत आता आठवड्यातून एकदा येत. अर्ध्या तासात ते आले. काठी टेकत शेडमध्ये शिरले, ट्रककडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, आणि चपला दिसल्यावर पाच-सहा पावलं अलीकडेच थांबले.

"या कुठे होत्या?"

"केरसुण्यांच्या खोलीत. डब्यामागं."

"इतकी वर्षं?"

"तुमच्यापाशी कागद होता साहेब. माझ्यापाशी चपला."

शेडमध्ये पंचवीसेक माणसं होती. ट्रकचा ड्रायव्हरही आत येऊन उभा होता. देवव्रतांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"मी सांगितलं होतं यांना," ते आभाला म्हणाले.

"काय सांगितलं होतं?"

"चपला उचलायला. शिडीशी होत्या. मी पाहिल्या होत्या आणि मीच उचलायला सांगितल्या."

"पण अहवालात तर..."

"अहवाल मी लिहिला."

थराची जाडी सांगावी तसं त्यांनी सांगितलं. मग बसायला काही आहे का विचारलं. राजूने स्टूल आणून दिलं. आभाने ट्रक परत पाठवला आणि राजूला जीप घेऊन विंचूरला जायला सांगितलं.

कमळाबाई दुसऱ्या दिवशी दुपारी आली. कामाचा खाडा नको म्हणून आदल्या दिवशी आली नाही. कांद्याची मोकळी गोणी काखेत होती. आभाने तिला टेबलाशी बसवून टाकीची तपासणी वही उघडली. पट्टीचा खोटा आकडा खोडून एकशे सतरा लिहिलं, खाली चपलांची हकिकत लिहून वाचून दाखवली. देवव्रतांनी सही केली, धोंडाबाईने अंगठा. अहवालाच्या फायलीत आणि सरकारी कचेरीत याची प्रत जाईल, असं आभा म्हणाली.

कमळाबाईने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "मला ती टाकी दाखवा."

ती टाकीभोवती फिरली. पोलादावर हात ठेवला. "आतून आवाज येतो का भाईर?"

राजूने आभाकडे पाहिलं.

"कुणी आत जावा. झाकण लावा. मला ऐकायचंय."

आभा नाही म्हणणार होती. राजूने सदरा काढला, गळ्यातली चेन काढली, चपला शिडीशी बहिरूच्या चपलांशेजारी ठेवल्या आणि आत गेला. फटीत लाकडी पाचर ठेवून झाकण टेकवलं. कॉम्प्रेसर बंद केला, भट्टीचा पंखा बंद केला. कमळाबाईने कान पोलादाला लावला. राजूने आधी हाक मारली असावी. नुसती घरघर आली, माशीसारखी. मग त्याने तळहाताने भिंत बडवली.

थप. थप. मध्ये थांबून पुन्हा थप.

कमळाबाईने कान काढला नाही. "भाकरी," ती म्हणाली. "लांब कुणीतरी भाकरी थापतंय, असं वाटतं."

धोंडाबाई होती तिथेच खाली बसली. ही गोष्ट तिने कोणाला सांगितलेली नव्हती. ललितालाही नाही.

"मला ऐकू आलं होतं," ती म्हणाली.

कमळाबाई वळली. "कधी?"

"त्याच दिवशी. चार वाजले असतील. मी झेंडू गोळा करत होते. भागीबाई थापतेय असं वाटलं मला. नागलीची."

"किती वेळ येत होता?"

"कुलूप लावेतो."

झाकण काढलं. राजू घामाघूम होऊन बाहेर आला आणि तळहात झटकत उभा राहिला. कमळाबाई धोंडाबाईकडे बघत होती. शेडमधल्या माणसांना वाटलं, ती आता हात उगारेल.

"चार वाजता," ती म्हणाली. "म्हंजे तो झोपला नव्हता."

"नाय."

"जागा होता. शुद्धीत होता. बडवत होता."

"हां."

कमळाबाई आभाकडे वळली. "ताई, हे पन लिवा."

आभाने वहीत आणखी दोन ओळी लिहिल्या. दुपारी चारच्या सुमारास टाकीतून हाताने ठोकल्याचा आवाज येत होता. ऐकणार धोंडाबाई. तिने पुन्हा अंगठा दिला. शाई वाळेपर्यंत कमळाबाई वहीवर वाकून उभी होती. तिला वाचता येत नव्हतं.

मग तिने बहिरूच्या चपला उचलल्या, एकमेकींवर आपटून धूळ झाडली आणि गोणीत घातल्या. धोंडाबाईशी बोलली नाही. फाटकाबाहेर रिक्षाची वाट बघत उभी राहिली. जीपने सोडतो म्हटल्यावर नको म्हणाली.

संध्याकाळी ट्रक पुन्हा आला. राजूने शिडीशी पाहिलं. जागा मोकळी होती. तरी तो वर चढला, टाकीच्या तोंडात डोकं घालून त्याने हाक मारली, आणि हाताने सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. कॉम्प्रेसर बंदच होता. उत्तर यायला लागला असता त्याहून थोडा जास्त वेळ सगळे थांबले. मग झाकण लावलं.